चारही ब्रेक लावले तरी वर्कबेंच हलतंच? आधी ते नेमकं काय करतंय ते बघा

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची, भिंतीला चिकटवून ठेवलेलं चाकांचं वर्कबेंच ओढून मधोमध आणायचं, टाचेने चारही ब्रेक खटाखट दाबायचे, फळी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, आवळायची. रंध्याचा पहिला हात मारला की टेबल फळीसकट दोन बोटं पुढे. दुसऱ्या हाताला मागचं चाक कुरकुरतं. तिसऱ्या हाताला आपण डाव्या हाताने टेबल धरलेलं असतं आणि उजव्या हाताने रंधा. म्हणजे आता टेबलच आपल्याकडून काम करून घेतंय.

हे दुखणं मी जवळजवळ तीन वर्षं पोसलं. दर वेळी काहीतरी आवळलं, काहीतरी बदललं, दोन-तीन महिने बरं चाललं आणि पुन्हा तेच. ज्यांच्याकडे असंच होत असेल त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. यात माझ्या चुकाच जास्त आहेत, पण त्या तुमच्याही असण्याची शक्यता आहे.

आधी जागा सांगतो. नागपुरात आमचा ३० बाय ५० चा प्लॉट, त्यात पुढच्या बाजूला शटर लावून बंद केलेलं पोर्च. आम्ही त्याला गॅरेज म्हणतो. आतून रुंदी ९ फूट. वॅगनआर १६२० मिमी रुंद आहे, आरसे वेगळे. ९ फूट म्हणजे २७४० मिमी. आरसे आणि दार उघडून माणूस उतरायची जागा सोडली की भिंतीपाशी उरते जेमतेम दीड फूट. म्हणून टेबल मिटल्यावर १६ इंच खोल, ४ फूट लांब, आणि पुढे १२ इंचांचा पडता फ्लॅप. गाडी असली की भिंतीला, गाडी गेली की मधोमध. इथपर्यंत हिशोब बरोबर होता. पहिल्या टेबलाला दोन बाय दोन इंचांच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, वर १९ मिमी प्लाय, आणि खाली तीन इंची, चारही बाजूंना फिरणारी, ब्रेकवाली चार चाकं.

पहिल्यांदा हललं तेव्हा सगळे स्क्रू काढून जाडे टाकले. दुसऱ्यांदा दुकानदाराने सांगितलं म्हणून महागाची चाकं घेतली. तिसऱ्यांदा चाकांखाली विटेचे तुकडे आणि लाकडी पाचरी ठोकल्या. त्या ग्राइंडरच्या थरथरीने दहा मिनिटांत सुटल्या आणि एक पाचर सरळ गाडीच्या टायरखाली जाऊन बसली.

मग शेजारी फर्निचरचं काम करायला एक सुतारकाका आले होते. दुपारच्या सुट्टीत फाटकाशी उभे राहून माझी ओढाताण बघत होते. मी म्हटलं, "काका, चारही ब्रेक लावले तरी हलते."

"हलते म्हणजे काय करून राह्यलं ते? सरकते, झुलते का लंगडते?"

मला उत्तर देता आलं नाही. सगळ्या घोळाचं मूळ तिथेच होतं. आपण "हलतं" हा एकच शब्द वापरतो, पण त्याच्या पोटात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. मी सरकण्यावर स्क्रू आवळत होतो आणि लंगडण्यावर नवी चाकं बसवत होतो.

सरकतं का? खडू घ्या

टेबल कामाच्या जागी आणा, ब्रेक लावा. प्रत्येक चाक जमिनीला जिथे टेकतं तिथे खडूने बारीक रेघ मारा. आता टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी रेटा द्या, आधी लांबीच्या दिशेने, मग आडवा.

चाक रेघेवरून घसरलं किंवा फिरलं तर ब्रेक पकडत नाही. ब्रेकची पत्ती झिजलेली असते किंवा चाकात लाकडाचा भुसा भरलेला असतो. भुसा ब्रशने काढला तरी बऱ्याच वेळा काम होतं. फरशी गुळगुळीत असेल तर ब्रेक लागूनही चाक तसंच घसरतं.

माझ्याकडे मात्र गंमत झाली. चारही चाकं रेघेवर जिथल्या तिथे, आणि टेबल मात्र दोन बोटं बाजूला गेलेलं. खाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं. फिरणाऱ्या चाकाची वरची खिळ, म्हणजे जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती, आणि चाकाचा आस एका ओळीत नसतात. चाक खिळीच्या थोडं मागे असतं, म्हणून तर ते ढकललेल्या दिशेला आपोआप वळतं. माझ्या चाकांत हे अंतर सव्वा इंच होतं. साधा ब्रेक चाकाला फिरू देत नाही, पण वरच्या खिळीला तो काहीच करत नाही. मग टेबल त्या खिळीवर बिजागरीसारखं फिरतं. चाक जागच्या जागी, टेबल मात्र चाललं.

यातली खरी मेख पुढे आहे. टेबल ढकलत आणलं की चारही चाकं एकाच दिशेला शेपूट करून उभी राहतात. चार बिजागऱ्या एकमेकींना समांतर, म्हणजे टेबलाला आडवं सरकायला रान मोकळं. मी टेबल लांबीच्या दिशेने ओढत आणायचो, म्हणून रंध्यापेक्षा आडवं करवतताना ते जास्त सरकायचं.

फुकटातला उपाय आजच करून बघा. टेबल जागेवर आलं की ब्रेक लावण्याआधी प्रत्येक चाक पायाने वेगवेगळ्या दिशेला वळवा, दोन लांबीकडे, दोन आडवी. मग ब्रेक दाबा. आता प्रत्येक खिळीला वेगळीकडे फिरायचं असतं आणि त्या एकमेकींना अडवतात. माझं निम्मं सरकणं एवढ्यानेच थांबलं. नवी चाकं घेणार असाल तर दुकानात ब्रेक दाबून वरची प्लेट हाताने फिरवून बघा. काही चाकांचा ब्रेक चाक आणि खीळ दोन्ही पकडतो. इथे नागपुरात इतवारीच्या बाजारात दोन्ही प्रकार मिळतात, दिसायला जवळजवळ सारखेच, त्यामुळे न फिरवता घेऊ नका.

लंगडतं का? पत्त्यांचा जुना जोड काढा

टेबलाचे समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून दाबा. टक-टक वाजलं की एक चाक हवेत आहे. ते चाक शोधून त्याखाली पत्ते सरकवा, एकेक करून, टकटक थांबेपर्यंत. पत्ता साधारण ०.३ मिमी जाड असतो, म्हणजे सात पत्ते म्हणजे दोन मिलीमीटर. मोजमापाचं याहून स्वस्त साधन मला सापडलेलं नाही. पत्त्यांचा आकडा टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा. का ते सांगतो.

आपल्याकडची पोर्चची जमीन सपाट नसतेच, नसावीही. पावसाचं पाणी फाटकाकडे जावं म्हणून मिस्त्री मुद्दाम ढाळ देतो. मी लेव्हल नळीत पाणी भरून मोजलं तर टेबलाच्या चार फुटांत १६ मिमी ढाळ निघाला. एकसारखा ढाळ असता तर टेबल नुसतं तिरकं उभं राहिलं असतं. पण पार्किंग टाइलच्या खाचा आणि मधेच बसलेला कोबा यांच्यामुळे चार टेकू एका पातळीत कधीच येत नाहीत. तीन पायांचं स्टूल कुठेही ठेवा, लंगडत नाही. चौथा पाय आला की जमिनीशी भांडण सुरू.

आणि जमीनही बदलते. आमच्या भागात खाली काळी माती आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत ती पाणी पिऊन फुगते, आणि वरचा कोबा तिच्यासोबत थोडा वर-खाली होतो. पहिल्या वर्षी मी मे महिन्यात चार पत्ते लिहिले होते, ऑगस्टमध्ये त्याच पायाखाली नऊ लागले. म्हणजे मी आवळलेला स्क्रू सुटत नव्हता, खालची जमीन हलत होती. "आत्ता तर नीट केलं होतं" असं दर हंगामाला वाटायचं त्याचं हेच कारण.

झुलतं का? सांध्यावर पेन्सिलीची रेघ

पाय आणि आडवी पट्टी जिथे जुळतात तिथे दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मारा. चौकटीला लांबीच्या दिशेने रेटा द्या आणि रेघेकडे बघत राहा. रेघ तुटून दोन तुकडे झाले तर सांधा उघडतोय. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र तिरपा होत नाही, एवढंच त्यामागचं गणित. नुसत्या पाय आणि पट्ट्यांच्या चौकटीत त्रिकोण कुठेच नसतो.

लाकडी चौकटीत हे का परतून येतं? मी पट्टीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या तोंडात स्क्रू घातले होते. तिथे स्क्रू लाकडाला पुरेसा धरतच नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी आणि श्रावणात ओली. लाकूड आटतं, फुगतं, आणि दर फेऱ्यात भोक थोडं मोठं होतं. माझ्या टेबलाचा एक पाय तर बाकी तिघांहून जाड झाला होता. वर पाहिलं तर खिडकीतला कूलर. त्याच्या खालून ठिबकणारं पाणी अख्खा उन्हाळा त्याच पायावर पडत होतं. कूलरचं पाणी कुठे ठिबकतं ते आधी पाहायचं आणि मग टेबलाची जागा ठरवायची, हे मला कुणी सांगायला हवं होतं.

झुलण्यावर उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला पूर्ण आणि एका आखूड बाजूला ९ मिमी प्लायचा तुकडा गोंद लावून स्क्रूने बसवा. लकडगंजला प्लायवाल्यांकडे उरलेले तुकडे मिळतात, पूर्ण आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही. लोखंडी पट्ट्यांचा फुलीसारखा क्रॉसही चालतो, पण मग खालच्या कप्प्यात डबे सरकवायला तो आडवा येतो.

मग काकांनी सांगितलेलं

तिन्ही तपासण्या करून मी काकांना निकाल सांगितला, बऱ्यापैकी अभिमानाने. त्यांनी चाकांकडे बोट दाखवलं.

"ठेल्यावाला भाजी विकताना ठेला चाकावर ठेवतो, तो फक्त वजन करून राह्यला असतो. तुम्ही रंधा मारून राह्यले. चाक नेण्यासाठी असते भाऊ, कामासाठी पाय लागते."

यानंतर मी चाकं सुधारायचा नाद सोडला. काम करताना टेबल चाकांवर नसावंच. चाकं फक्त नेआण करताना खाली येतील आणि काम करताना वर उचलली जातील. असं करायचे दोन रस्ते आहेत आणि मी दोन्ही करून पाहिले.

पहिला हातगाडीचा. टेबलाच्या एका आखूड टोकाला दोन न फिरणारी चाकं, जमिनीपासून तीन-चार मिमी वर राहतील अशी. टेबल चार पायांवर उभं. न्यायचं झालं की दुसरं टोक उचला, चाकं टेकतात, ओढत न्या. यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त व्हाइस आणि जड हत्यारं चाकांच्या टोकाला ठेवा. मी उलटं केलं होतं आणि पहिल्याच दिवशी कंबर धरली. टेबल चाळीस किलोच्या आत असेल आणि उचलणारा तरुण असेल तर हाच प्रकार करा, पुढचं वाचूही नका.

माझं टेबल मात्र आता वेल्डिंगच्या चौकटीचं आहे. ४० बाय ४० मिमी चौकोनी पाइप, १६ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडीचा. असा साधारण साडेनऊ मीटर पाइप लागला, त्याचं वजन अठरा किलोच्या आसपास. वर १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ३६ मिमीचं पाट, पुढे १८ मिमीचा फ्लॅप, व्हाइस, खाली हत्यारांचे डबे. सगळं मिळून साठ किलोच्या पुढे. हे वजन मला हवंच आहे, कारण रंध्याच्या धक्क्याला तेच उत्तर देतं. पण ते माझ्या कंबरेला नको होतं.

म्हणून दुसरा रस्ता, पायाने दाबायचा. टेबलाच्या दोन्ही टोकांना, खालच्या पाइपच्या आतल्या बाजूला, चार इंची बिजागऱ्यांवर एकेक जाड फळी. प्रत्येक फळीच्या खाली दोन फिरणारी चाकं. फळी वर मिटलेली असली की चाकं हवेत. पायाने फळी खाली दाबली की चाकं जमिनीला लागतात आणि टेबलाचं ते टोक उचललं जातं. मग एक लाकडी ठोकळा फळी आणि पाइपच्या मधे उभा राहतो आणि फळीला वर येऊ देत नाही. काम करायचं की ठोकळ्याला पायाने टिचकी, फळी वर, टेबल धप्पकन पायांवर. ते धप्पकन खरंच धप्पकन असतं, तेव्हा चपला नको, बूट घाला. एका वेळी एकच टोक उचलायचं असल्याने पायावर साठाऐवजी निम्मं वजन येतं.

तीन गोष्टी मी चुकून शिकलो. टेबल किती उचललं जावं? पहिल्यांदा मी २५ मिमी ठेवलं, तर फळीवर अक्षरशः उडी मारावी लागायची. मग ५ मिमी केलं, तर ढाळावर पुढचे पाय टाइलच्या खाचांत घासायचे. १२ मिमी जमलं. दुसरं, बिजागऱ्या स्क्रूने नाही, आरपार बोल्ट आणि नायलॉकच्या (आत नायलॉनचं कडं असलेल्या, थरथरीने न सुटणाऱ्या) नटने बसवा. सगळा भार त्यांच्यावरच येतो. तिसरं, ठोकळा सरळ उभा राहून किंचित पुढे गेला पाहिजे, म्हणजे भाराने तो आणखी घट्ट बसतो. थोडा जरी अलीकडे राहिला तर टेबल ढकलताना निसटतो. माझा दोनदा निसटला, दुसऱ्यांदा फ्लॅपवर ठेवलेल्या स्क्रूच्या डब्यासकट.

फ्लॅपबद्दलही आत्ताच सांगतो. १६ इंच खोलीचं टेबल अरुंद असतं. फ्लॅप उघडून त्यावर कोपर टेकलं की ते पुढे कलू शकतं, चाकांवर असताना तर नक्कीच. फ्लॅपला भिंतीतल्या कपाटासारखा तिरपा ब्रॅकेट देऊ नका, जमिनीला टेकणारे स्वतःचे दोन पाय द्या. आणि टेबल नेताना फ्लॅप मिटलेला, हात वरच्या कडेला नाही, कमरेच्या खाली. घरात लहान मूल असेल तर मिटलेलं टेबल भिंतीला कडीने अडकवून ठेवा.

कडीवरून आठवलं. भाड्याच्या घरात वेल्डिंग वगैरे करायचं नसेल आणि टेबल भिंतीलगतच वापरायचं असेल, तर घरमालकाला विचारून भिंतीत अँकर टाकून दोन कोयंडे बसवा आणि टेबलाच्या मागच्या कडेला दोन कड्या. चाकं वेगवेगळ्या दिशेला वळवून ब्रेक लावा आणि कड्या टाका. दिसायला ओबडधोबड आहे, पण घराच्या दाराला शंभर वर्षं पुरणारी गोष्ट टेबलालाही पुरते.

लंगडणं कायमचं जावं म्हणून पायाचे बोल्ट

चाकं वर गेली तरी चार पाय उरतातच, आणि जमीन तीच. प्रत्येक पाइपच्या तळाला लोखंडी पट्टी वेल्ड करून त्यावर १२ मिमीचा नट वेल्ड करून घेतला, त्यात उलटा बोल्ट, बोल्टच्या डोक्याखाली रबराचा तुकडा. पान्याने बोल्ट फिरवला की पाय लांब किंवा आखूड. प्रत्येक बोल्टवर दुसरा नट चढवून तो आवळायचा, नाहीतर ग्राइंडरच्या थरथरीने बोल्ट आपोआप फिरतो. हे मी पहिल्या महिन्यात विसरलो होतो आणि टेबल परत लंगडायला लागल्यावर पुन्हा सगळ्यांना शिव्या घातल्या.

पण टेबल जागा बदलत राहिलं तर दर वेळी चार बोल्ट कोण फिरवणार? इथे माझ्या डोक्यात बराच काळ गोंधळ होता. टेबल फिरतं असलं तरी मी काम नेहमी एकाच जागी करतो. म्हणून त्या जागेवर चारही पायांच्या भोवती पिवळ्या ऑइलपेंटने चौकोन रंगवले, टेबल त्यात उभं करून एकदाच लेव्हल केलं. भिंतीशी उभं असताना ते थोडं लंगडतं, लंगडू दे, तिथे त्याला काही काम नाही.

पाइपच्या उघड्या तळातून पाणी आत जाऊन गंज चढतो, म्हणून वेल्डिंगच्या दिवशीच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारून घ्या. नंतर करू म्हटलं की होत नाही. ग्राइंडर चालवायचा असेल तर गाडीसोबत पेट्रोलची स्कूटरही बाहेर काढा, ठिणग्या कुठवर उडतात ते अंधारात एकदा बघितलं की पटेल. एक्स्टेन्शनची वायर टेबलाच्या पायाला वरून बांधा. खाली पडलेली वायर चाकाखाली येतेच.

आता वर्षातून दोनदा काम असतं, मे महिन्याच्या शेवटी आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर. टेबल पिवळ्या चौकोनात उभं करायचं, कोपरे दाबायचे, टक वाजलं तर पत्ते सरकवायचे. १२ मिमीच्या साध्या बोल्टचा एक आटा १.७५ मिमीचा असतो, म्हणजे पान्याचं अर्धं वळण म्हणजे तीन पत्ते. यंदा जुलैत फाटकाकडचा उजवा पाय सहा पत्त्यांनी वर होता. एक पूर्ण वळण दिलं, वरचा नट आवळला आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: जुलै, सहा.